तुम्ही विचारा: चॉकलेट पुडिंग सेट का होत नाही?

मागच्या महिन्यात या सदरात घरच्या चॉकलेट पुडिंगची कृती दिली आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त पुडिंगवरच बोलूया. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी कृती परत पटकन सांगते. अर्धा लिटर फुल क्रीम दूध, 25 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 15 ग्रॅम कोको पावडर, 75 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, 75 ग्रॅम डार्क चॉकलेट, छोटा चमचा बटर आणि अर्धा छोटा चमचा व्हॅनिला. कोरडं सगळं एकत्र चाळून घ्यायचं, त्यात थोडं गार दूध घालून सरसरीत पेस्ट करायची, उरलेलं दूध गरम करून त्यात ही पेस्ट ओतायची आणि ढवळत ढवळत उकळी आणायची, उकळी आली की अजून दीड-दोन मिनिटं शिजवायचं, मग गॅस बंद करून चॉकलेटचे तुकडे, बटर, व्हॅनिला घालायचं, विरघळलं की लगेच वाट्यांत ओतायचं आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवायचं. सहा छोट्या वाट्या होतात.

तुमचे प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. कुणी अंडं घालतंय, कुणी चायना ग्रास, कुणी कस्टर्ड पावडर, आणि सगळेजण शिजवतायत मात्र एकाच पद्धतीने. तसं चालत नाही हो. कॉर्नफ्लोअरला सणसणीत उकळी लागते, नुसत्या अंड्याला उकळी अजिबात सोसत नाही आणि चायना ग्रासची तर तिसरीच तऱ्हा. तुमचं पुडिंग कशाच्या जोरावर घट्ट होणार आहे ते आधी ठरवा, म्हणजे गॅस किती ठेवायचा हे आपोआप कळतं.

प्रश्न: ताई, रात्री पुडिंग मस्त घट्ट झालेलं, सकाळी बघितलं तर अक्षरशः वाहत होतं. कृती तुमचीच, फक्त दोन अंड्यांचे बलक जास्तीचे घातले होते. माझा फ्रिज नीट गार करत नाही म्हणून असं झालं का? (नागपूर)

फ्रिजला दोष देऊ नका, हे काम बलकाचं आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं कामच मुळी स्टार्च तोडणं. तुम्ही कॉर्नफ्लोअर घालून मिश्रण घट्ट केलंत पण बलक फाटतील या भीतीने उकळी यायच्या आधीच गॅस बंद केला असणार, बरोबर? तेव्हा ते घट्ट दिसलं कारण स्टार्च फुगला होता, पण अमायलेज जिवंत राहिलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ते आपलं काम करत बसलं. सकाळी पातळ.

उपाय सोपा आहे. बलक घालायचे असतील तर ते कॉर्नफ्लोअरच्या पेस्टमध्येच फेटून घ्या, गरम दूध त्यात आधी डावभर, मग अजून डावभर असं घालत बलक कोमट करा, मग सगळं पातेल्यात परत ओता आणि चक्क उकळू द्या. कॉर्नफ्लोअर सोबत असताना बलक इतक्या सहज फाटत नाहीत, स्टार्च त्यांना सांभाळून घेतो, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही. मधोमध, फक्त कडेला नाही, बुडबुडे यायला लागले की तिथून पुढे मिनिट-दीड मिनिट सतत ढवळत शिजवा.

याच्याच जोडीला अजून एक सांगते कारण बलक न घालताही पुडिंग पातळ झाल्याच्या तक्रारी आल्यात. चव बघायला चमचा तोंडात घातला आणि तोच परत पातेल्यात बुडवला असं होतं का तुमच्याकडे? किंवा मुलांनी वाटीतलं अर्धं खाल्लं आणि उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवलं? आपल्या लाळेतसुद्धा अमायलेजच असतं, शाळेत टायलिन म्हणून शिकलो होतो ते. उष्ट्या चमच्यातून गेलेली एवढीशी लाळ अख्ख्या वाटीला पाणी सोडायला लावते. उष्टा चमचा भांड्यात घालू नये हे आजीने सांगितलेलं पुडिंगच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे. चव बघायची तर चमचाभर वाटीत काढून घ्या आणि तिथून चाखा.

प्रश्न: तीन चमचे कॉर्नफ्लोअर लिहिलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, मी तीनच घालते, तरी माझं पुडिंग कायम बासुंदीइतकंच घट्ट होतं. (ठाणे)

चमचा कुठला घेताय? परदेशी कृतींमधला टेबलस्पून 15 मिलीचा असतो आणि त्यात सपाट भरून साधारण 8 ग्रॅम कॉर्नफ्लोअर मावतं. आपल्याकडे घरात हाताला लागतो तो पोह्याचा चमचा, तो बराच लहान असतो, सपाट भरला तर 5 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तुमच्या तीन चमच्यांत 15 ग्रॅम गेलं आणि लागतं 25. पुडिंग बिचारं कुठून घट्ट होणार. म्हणूनच मी या कृतीत मुद्दाम ग्रॅम दिले होते. छोटा डिजिटल काटा आता फार महाग राहिलेला नाही, गोडाधोडाचं करत असाल तर घेऊनच टाका. काटा नसेल तर मापाचे चमचे वापरा आणि सुरीने वरून सपाट करून घ्या, शिगोशीग भरू नका, कारण जास्त झालं तरी वाईटच, मग ते पुडिंग न राहता सुरीने कापायच्या वड्या होतात.

प्रश्न: गुठळ्या! कितीही ढवळलं तरी होतातच. मिक्सरमधून फिरवून घेतलं तर गुठळ्या गेल्या पण मग सेटच झालं नाही. (सांगली)

गुठळ्या ढवळण्यात कमी पडल्यामुळे होत नाहीत, त्या आधीच तयार झालेल्या असतात. कॉर्नफ्लोअर गरम दुधात पडलं की त्याच्या गोळीचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतलं कोरडं पीठ तसंच अडकून राहतं, मग तुम्ही तासभर ढवळा नाहीतर नका ढवळू. कोकोचं दुसरंच दुखणं, त्यात 10 ते 20 टक्के फॅट असतं त्यामुळे तो ओला व्हायलाच तयार नसतो, दुधावर तरंगत बसतो. दोघांवर इलाज एकच: कोको, कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ हे सगळं कोरडंच एकत्र चाळून घ्या. साखरेचे दाणे पिठाच्या कणांच्या मध्येमध्ये बसतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. मग त्यात गार दूध, आणि हे महत्त्वाचं, आधी अगदी थोडं, तीन-चार चमचेच. घट्टसर पेस्ट चमच्याच्या पाठीने भांड्याच्या कडेला रगडून घ्या, चकचकीत दिसायला लागली की मग अजून दूध घालून पातळ करा. सुरुवातीलाच भसकन दूध ओतलं की गोळ्या त्यात पोहत राहतात आणि हाताला लागतच नाहीत.

आता मिक्सरचं. शिजून घट्ट झालेलं कॉर्नफ्लोअर म्हणजे पाणी पिऊन टम्म फुगलेले कण असतात, मिक्सरच्या पात्याने ते फुटतात आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतात. म्हणून तुमचं सेट झालं नाही. गुठळ्या झाल्याच तर गरम असतानाच पिठाच्या चाळणीतून नाही, जरा मोठ्या भोकाच्या गाळणीतून चमच्याने दाबत गाळून घ्या. पुडिंग गार व्हायला लागलं की नंतर ढवळणंसुद्धा बंद करायचं, वाट्यांत ओतलं की त्याला हात लावायचा नाही. गार होताना स्टार्चचं जाळं विणलं जात असतं, मध्येच कुणी चमचा फिरवून बघितला की ते तुटतं आणि परत तसं जुळत नाही.

प्रश्न: चव चांगली होती पण जिभेवर पिठूळ लागत होतं. (नाशिक)

कच्चं राहिलं. कॉर्नफ्लोअर 65-70 डिग्रीच्या आसपास फुगायला लागतं आणि तेव्हाच मिश्रण दाट दिसतं, त्यामुळे फसायला होतं, पण पूर्ण शिजायला त्याला जवळजवळ 95 डिग्री लागतात. पिठलं शिजताना जसे जाड बुडबुडे फटफट करत फुटतात ना, तसे मधोमध यायला हवेत आणि त्यानंतर दीड-दोन मिनिटं. आच मध्यम ठेवा, जाड बुडाचं पातेलं घ्या आणि उलथन्यासारखा सपाट चमचा घेऊन तळ खरवडत ढवळा, कारण लागतं ते तळालाच. लागलंच तर खरवडू नका, वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

प्रश्न: अंडं आमच्या घरात चालत नाही. कस्टर्ड पावडर घालून केलं तर चालेल का की चव बिघडेल? (कोल्हापूर)

मूळ कृतीत अंडं नाहीच, त्यामुळे निर्धास्त करा. आणि कस्टर्ड पावडरही चालेल, कारण ती म्हणजे कॉर्नफ्लोअरच असतं, त्यात पिवळा रंग आणि व्हॅनिलाचा वास घातलेला. तिचा जन्मच मुळी अंडं टाळण्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे केमिस्ट होते, त्यांच्या बायकोला अंडं सोसायचं नाही पण कस्टर्ड फार आवडायचं, म्हणून 1837 साली त्यांनी कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. मला ही गोष्ट फार आवडते, कुणाच्या तरी घरात एका माणसाला खाता येत नाही म्हणून केलेली सोय आज आपल्या प्रत्येक वाण्याकडे मिळते. तर वजनाला वजन तितकीच घ्या, 25 ग्रॅम. व्हॅनिला मग वरून घालू नका, जास्त होईल. रंगाची काळजी नको, कोकोपुढे पिवळा कुठे दिसतोय.

अंड्याविना पुडिंग जरा कमी श्रीमंत लागतं असं कुणाला वाटत असेल तर दोन चमचे मिल्क पावडर कोरड्यात चाळून घाला, किंवा शेवटी बटरच्या जागी दोन चमचे घरची ताजी साय फेटून घाला. साय घातलेलं मला स्वतःला जास्त आवडतं.

प्रश्न: चॉकलेट किलोच्या स्लॅबमधलं स्वस्त पडतं म्हणून ते वापरलं, पण पुडिंग खाल्ल्यावर टाळूला तेलकट थर बसल्यासारखा वाटतो. (पुणे)

स्लॅबच्या मागचं लेबल वाचा. त्यावर हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असेल, म्हणजे ते कंपाउंड आहे. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि ते साधारण 34 डिग्रीला वितळतं, म्हणजे तोंडात गेलं की लगेच. कंपाउंडमध्ये कोको बटर काढून दुसरं वनस्पती फॅट घातलेलं असतं, ते तोंडाच्या उष्णतेला नीट वितळत नाही, तोच थर तुम्हाला जाणवतो. साच्यातली चॉकलेटं करायला, केकवर ओतायला कंपाउंड सोयीचं, आपल्या उन्हाळ्यात ते टिकतंही, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण पुडिंग गार खायचं असतं आणि गार पदार्थात फॅटचा हा दोष जास्तच उठून दिसतो.

म्हणून पुडिंगला खरं डार्क चॉकलेट घ्या. 50 ते 60 टक्के कोकोचं पुरे, अमूलचं 55 टक्केवालं बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि चांगलं काम करतं. 70-80 च्या वर गेलात तर साखर थोडी वाढवावी लागेल. आणि बजेट खरंच कमी असेल तर कंपाउंड घालण्यापेक्षा चॉकलेट अजिबात नको, नुसता कोको वाढवा, 15 च्या जागी 30 ग्रॅम, साखर 100, बटर थोडं जास्त आणि कॉर्नफ्लोअर 30 ग्रॅम, कारण चॉकलेट गार झाल्यावर घट्ट होतं आणि पुडिंगला तेवढा हातभार लावतं, तो आता मिळणार नाही. छान होतं हेही. पाव चमचा इन्स्टंट कॉफी घातलीत तर कॉफीची चव येत नाही पण चॉकलेट एकदम खुलतं.

कोको म्हणजे कोकोच हं. ड्रिंकिंग चॉकलेट किंवा दुधात घालायच्या पावडरी नकोत, त्यात साखरच जास्त असते. काहींनी नॅचरल कोको की डच प्रोसेस्ड असंही विचारलंय. नॅचरल जरा आंबटसर, रंगाला फिकट. डच प्रोसेस्डमध्ये अल्कली वापरून आंबटपणा मारलेला असतो, रंग गडद, चव सौम्य. केकमध्ये सोडा असतो म्हणून तिथे हा फरक फार बघावा लागतो, पुडिंगमध्ये सोडा नाही, दोन्ही चालतात. मुलांसाठी करत असाल तर डच घ्या.

प्रश्न: कुकरमध्ये कॅरॅमल पुडिंग करतो तसंच चॉकलेटचं करायला गेले. जाळी पडली, आणि खाली पाणी. (अलिबाग)

हे अंड्याच्या जोरावर सेट होणारं पुडिंग, इथे वरचं सगळं उलटं. अंडं 80-85 डिग्रीला छान जमतं, त्याच्या पुढे गेलं की आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. जाळी आणि पाणी दोन्ही त्याचंच. इथे उकळी म्हणजे घात.

अर्धा लिटर दूध, 4 अंडी, 80 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम कोको, 50 ग्रॅम चॉकलेट असं प्रमाण घ्या. दूध गरम करून त्यात कोको, साखर, चॉकलेट विरघळवा आणि कोमट होऊ द्या. अंडी फेस न आणता हलक्या हाताने फोडून घ्या, फेस आला की तोच पुढे जाळी होऊन दिसतो. दोन्ही एकत्र करून गाळा. डब्याला आतून तूप किंवा बटर, वरून फॉइल घट्ट, नाहीतर झाकणाची वाफ पाणी होऊन टपटप पुडिंगवर पडते. कुकरमध्ये तळाला जाळी किंवा ताटली ठेवून वर डबा, पाणी डब्याच्या निम्म्यापर्यंत, शिटी काढून ठेवायची आणि आच अगदी बारीक, इतकी की पाणी फक्त हलताना ऐकू यावं, खळखळताना नाही. अर्ध्या तासाने डबा हलवून बघा. कडा जमलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरतोय, की गॅस बंद, बाकीचं आतल्या उष्णतेवर होतं. सुरी घालून अगदी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उलटं करा.

प्रश्न: आमच्याकडे लाइट फार जाते, फ्रिजचा भरवसा नाही. चायना ग्रास घालावं का? (जालना)

हो, तुमच्यासाठी तेच बरं. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून करतात, शाकाहारी आहे आणि ते 35-40 डिग्रीलाच जमतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ओट्यावरसुद्धा. एकदा जमलं की 85 डिग्रीपर्यंत वितळत नाही. जिलेटिनचं तसं नाही, ते प्राण्यांपासून येतं आणि मे महिन्यात टेबलावर ठेवलं की पाणी पाणी होतं.

अर्धा लिटर दुधाला 5 ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या 10 ग्रॅमच्या पाकिटाचं निम्मं. कात्रीने तुकडे करून कपभर पाण्यात अर्धा तास भिजवा, मग त्याच पाण्यात उकळत ठेवा, एकही तुकडा दिसेनासा होईपर्यंत. चॉकलेटचं दूधही त्या वेळी गरमच हवं, गार दुधात ओतलं की त्याच्या शेवया होतात आणि गाळून फेकाव्या लागतात. कॉर्नफ्लोअर मग 10 ग्रॅमच घाला, थोडा मऊपणा येण्यापुरतं. पोत लोण्यासारखा नाही येणार, जरा तुटक येईल, ते धरून चाला. आणि फ्रिजविना सेट होतं म्हणजे फ्रिजविना टिकतं असं नाही, दूधच आहे शेवटी, उन्हाळ्यात दोन तासांच्या आत संपवा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे इन्स्टंट पुडिंगची पाकिटं मिळतात, गार दुधात फेटलं की झालं. मग एवढा खटाटोप कशाला? आणि मुलीला दूध चालत नाही, सोया मिल्कमध्ये ते पाकीट सेटच होत नाही. (न्यू जर्सी)

पाकिटातला स्टार्च आधीच शिजवून वाळवलेला असतो, म्हणून त्याला गॅस लागत नाही. शिवाय त्यात फॉस्फेटचे क्षार असतात, ते दुधातल्या प्रोटीनला धरून घट्टपणा आणतात. सोया मिल्कमध्ये ते दुधातलं प्रोटीनच नाही, म्हणून तुमचं सेट होत नाही. घाईच्या दिवशी पाकीट वापरावं, त्यात काही वावगं नाही, पण चॉकलेटची खरी चव त्यात येत नाही हे एकदा घरचं करून शेजारी ठेवून खाल्लंत की मुलीलाही कळेल. आणि गंमत म्हणजे घरच्या पद्धतीत सोया मिल्क, ओट मिल्क दोन्ही मस्त चालतात कारण तिथे सगळं काम कॉर्नफ्लोअर करतं. ओट मिल्कचं किंचित सैल होतं, कॉर्नफ्लोअर 5 ग्रॅम वाढवा. बटर गाळा किंवा नारळाचं तेल घाला, आणि चॉकलेटच्या लेबलवर दूध नाही ना तेही बघा, डार्कमध्येसुद्धा कधी कधी असतं. तुमच्या दुकानात कॉर्नस्टार्च लिहिलेली पांढरी शुभ्र पावडर असते ना, बोटात धरली की करकरते, तीच घ्यायची, मक्याचं पिवळं पीठ नको.

प्रश्न: उपवासाला चालेल असं करता येईल का? (सातारा)

कॉर्नफ्लोअर उपवासाला चालत नाही, आरारूट बऱ्याच घरांत चालतं, काहीजण त्याला तवकीर म्हणतात. 25 ग्रॅमच घ्या. पण आरारूट कमी आचेवर घट्ट होतं आणि जास्त उकळलं तर उलट सैल पडतं, म्हणून दाट झालं, चकाकी आली की लगेच गॅस बंद. दुधात ते किंचित बुळबुळीत होतं, साय घातली की जरा झाकलं जातं. मीठ सैंधव. तयार चॉकलेटमध्ये सोया लेसिथिन वगैरे असतं म्हणून नुसता कोको वापरा. कोको उपवासाला चालतो की नाही हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा, प्रत्येक घरचे नियम वेगळे.

प्रश्न: वर साय धरते ती आवडत नाही. (डोंबिवली)

गरम असतानाच प्लास्टिक रॅप किंवा बटर पेपर अगदी पृष्ठभागाला चिकटवून लावा, हवा राहू द्यायची नाही. बटर पेपर पाण्यात ओला करून पिळून घेतला की सहज निघतो. ताटली झाकू नका, वाफेचं पाणी पडतं.

प्रश्न: सासऱ्यांना डायबेटिस आहे, गूळ घालून केलं तर त्यांना देता येईल ना? गूळ घातला तेव्हा दूध फाटलं पण. (अमरावती)

ताई, स्पष्टच सांगते, डायबेटिससाठी गूळ आणि साखर यात फारसा फरक नाही. गूळ घातला म्हणून वाटीभर दिलं असं करू नका. हिशोब बघा: या कृतीच्या एका वाटीत वरून घातलेली साखर 12 ग्रॅमच्या वर, चॉकलेटमधली 5-6, दुधातली 4, आणि कॉर्नफ्लोअर 4 ग्रॅम, तेही शेवटी ग्लुकोजच होतं. मिळून 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. शुगर फ्री घातलीत तरी निम्मी उरतातच. तेव्हा साखर 30 ग्रॅमवर आणा, चॉकलेट 70 टक्केवालं घ्या, वाटी अर्धी भरा, वरून भाजलेल्या बदामाचे काप घाला आणि जेवणात भात-पोळी तेवढी कमी करा. त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. गोड खायची इच्छा मोठ्या वयात फार असते हो, अर्धी वाटी मायेने दिलेली पुरते.

इतरांसाठी गुळाचं करायचं असेल तर गूळ दुधात उकळायचा नाही. पुडिंग शिजवून गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग बारीक चिरलेला किंवा गुळाची पावडर घालून ढवळा. गुळात थोडा आंबटपणा असतो, तो कढत दुधाला फाडतो, घट्ट झालेल्या मिश्रणात ती भीती बरीच कमी. चिक्कीचा गूळ नको, साधा घ्या.

प्रश्न: हळदीकुंकवाला तीसेक बायका येतील, सगळ्यांना छोटे कप द्यायचेत. एकदम करू का? (रत्नागिरी)

100 मिलीचे 30 कप धरले तर अडीच लिटर दूध, 125 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 75 ग्रॅम कोको, 375 ग्रॅम साखर आणि तेवढंच चॉकलेट. पण एकाच पातेल्यात नका करू, दोन घाण्यांत करा. मोठं भांडं घरच्या गॅसवर मध्यभागी उकळेपर्यंत तळाला लागतं आणि एकदा करपट वास आला की सगळं वाया, चॉकलेटमध्ये तो वास लपत नाही. कप आधी मांडून ठेवा, तोटीच्या भांड्याने गरम गरमच भरा, एकदा का पातेल्यात दाटायला लागलं की कपात गुळगुळीत पडत नाही. आदल्या रात्री करून ठेवलंत तरी चालेल, फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहतं. फक्त गरम कप एकदम फ्रिजमध्ये कोंबू नका, परातीत थंड पाणी घालून त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा मग आत ढकला. आणि बायका आल्या की पाच-सहा करत बाहेर काढा, सगळे कप मांडून ठेवले तर रत्नागिरीच्या दमट हवेत कपांना बाहेरून घाम सुटतो आणि आतलं सैलावतं.

प्रश्न: उरलेलं पुडिंग फ्रीझरमध्ये ठेवलं, बाहेर काढल्यावर स्पंजसारखं झालं आणि पाणी सुटलं. (बेळगाव)

स्टार्चचं पुडिंग गोठवून परत वितळवायचं नसतं, बर्फाचे कण ते जाळं फाडून टाकतात. पण गोठलेलंच खाल्लं तर फारच छान लागतं. उरलेलं असेल तेव्हा थोडं दूध घालून सैल करा, कुल्फीच्या साच्यात भरा, काडी खोचा आणि रात्रभर ठेवा. साचा नळाखाली धरला की सुटून येतं. मुलं पुडिंगपेक्षा हेच आधी मागतात.